ल माँचे २४ तास बघायला येताय? पिशवी मोठी आणा

कूलरची पेटी, घडीच्या खुर्च्या, बिअरच्या डब्यांचा खोका, हातभर लांब पाव आणि सगळ्यावर ताडपत्री. एवढं सामान ढकलगाडीवर लादून लोक फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या मोटारशर्यतीला, सर्किटच्या फाटकावर येतात. रक्षक पिशवी उघडून बघतो, काचेची बाटली असली तर बाजूला काढायला लावतो आणि आत सोडतो. भारतातून पहिल्यांदा येणारा प्रेक्षक इथे थबकतोच. वानखेडेला किंवा गहुंजेला घरून आणलेली पाण्याची बाटली, पॉवर बँक, कधी खिशातली चिल्लरसुद्धा दारात टाकून आत जायची आपल्याला सवय. इथे घरचं जेवण, घरचं पाणी, एवढंच काय, घरची दारूही चालते.

आता लगेच ‘बघा, तिकडची माणसं कशी!’ म्हणायची घाई नको. सर्किट १३.६२६ किलोमीटरचं आहे. २०२५ साली ३ लाख ३२ हजार लोक आले होते, पण ते एवढ्या विस्तारात विखुरलेले. गाड्या दुहेरी जाळ्यांच्या पलीकडे, त्यामुळे बाटली भिरकावली तरी ती कुणाला लागायची नाही. आपल्याकडे सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक पहिल्या रांगेपासून दहा पावलांवर उभा असतो आणि १९९६ साली ईडन गार्डन्सवर विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात मैदानात फेकलेल्या बाटल्यांनी काय केलं ते सगळ्यांना आठवतं. आपले नियम उगाच आलेले नाहीत. तरीपण बाटली काढून घ्यायची आणि तेच पाणी आत चढ्या भावाने विकायचं, याला सुरक्षा कुणी म्हणू नये. असो.

या मोकळेपणाची दुसरी बाजू मात्र कुणी आधी सांगत नाही. इथे तुम्हाला कुणी हाकत नाही, तसं कुणी सांभाळतही नाही. पुढची शटल बस किती वाजता, रात्री कुठे पडायचं, पाऊस आला तर कुठे पळायचं, हे सगळं तुमचं तुम्ही बघायचं. पहिल्यांदा आलेल्यांचे हाल होतात ते बहुधा यामुळेच.

तिकिटापासून सुरुवात करू. शर्यत जूनच्या मध्यावर, शनिवारी दुपारी ४ ते रविवारी दुपारी ४. आयोजक आहे ‘ऑटोमोबाईल क्लब द लुएस्त’, आणि तिकीट त्यांच्याच अधिकृत संकेतस्थळावरून घ्यायचं. अलीकडे तिकिटं शर्यतीच्या कितीतरी महिने आधी संपतात. सर्वसाधारण प्रवेशाचं तिकीट हा पाया. ग्रँडस्टँडची खुर्ची आणि तंबूची जागा हे त्याच्यावरचे वेगळे खर्च. तंबूची जागा मिळाली म्हणजे प्रवेश मिळाला असं नाही, प्रवेशाचं तिकीट माणशी लागतंच. पहिल्या खेपेला ग्रँडस्टँडवर पैसे घालू नका. एका खुर्चीवरून दिसतो तो एका सरळ रस्त्याचा तुकडा, आणि पैसे वसूल करायच्या नादात माणूस तिथून हलत नाही. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी करता येतो, म्हणजे जूनसाठी डिसेंबरपासून. उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळत नाहीत, तेव्हा तिकीट हातात आलं की लगेच त्यामागे लागा.

पॅरिसच्या माँपार्नास स्थानकातून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने ल माँ साधारण एक तास. स्थानकाबाहेर पहिल्या क्रमांकाची ट्राम पकडायची आणि आंतारेसच्या दिशेचं शेवटचं स्थानक गाठायचं. तिथून सर्किट पायी. गावातल्या हॉटेलांचे दर त्या आठवड्यात आकाशाला भिडतात, म्हणून लोक आँझे किंवा तूर या आसपासच्या शहरांत राहतात. पण शनिवारच्या रात्री तिकडे परतायचा बेत आखू नका. उशिरा गाडी नसते, आणि रात्र सोडली तर शर्यतीतलं मर्मच सोडलं.

सामानातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू आपल्याकडे कुठल्याही बाजारात मिळते: खिशात मावणारा साधा एफएम रेडिओ आणि तारेचे इअरफोन. मोबाईलमध्ये हल्ली एफएम नसतं आणि लाखो फोन एकाच टॉवरवर लटकल्यामुळे नेटवर्क शनिवारी दुपारीच गुदमरतं. ॲपवरचं समालोचन चालू झालंच तरी मागे पडलेलं असतं, गाडी समोरून निघून गेल्यावर तिची बातमी येते. ‘रेडिओ ल माँ’चं इंग्रजी समालोचन ९१.२ एफएमवर अखंड चालतं. भारतातला सेट इथेही तोच पट्टा पकडतो. जादा सेल आणा. इअरफोन कानात आणि त्यावर कानझाप, म्हणजे आवाज अडवणारी कानांवरची झाकणं, असं दुहेरी घालायचं. नुसते फोमचे बोळे घातले तर आवाज दबतो पण समालोचनही जातं. मुलांना घेऊन येणार असाल तर त्यांच्या मापाचे कानझाप घरूनच आणा. नकाशा आणि तिकीट फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेत.

जून म्हणून सुती कपड्यांवर येणारे मध्यरात्री कुडकुडतात. तापमान १० ते १२ अंशांवर उतरतं आणि गवतावर दव पडतं. जाड जॅकेट, पावसाळी पँट, खाली अंथरायला फोमची चटई आणि चिखलात चालतील असे बूट आणा. छत्री नको, मागच्याचं दिसणं बंद होतं आणि मग शिव्या फ्रेंचमध्ये ऐकाव्या लागतात.

खाण्याचं शाकाहाऱ्यांनी नीट ऐकावं. ठेल्यांवर मेर्गेझ नावाचं गोमांस किंवा मटणाचं सॉसेज, बटाट्याचे फ्राइज आणि क्रेप नावाचे पातळ धिरडे, एवढ्यावर सगळं येऊन थांबतं. चिवडा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी खुशाल आणा. पेढे, बर्फी, तूप, पनीर मात्र आणू नका: युरोपीय संघाबाहेरून प्रवाशांनी दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे आणि विमानतळावर ते काढून घेतात.

आता शर्यत वाचायची कशी. एकाच ट्रॅकवर एकाच वेळी तीन शर्यती चालू असतात. हायपरकार सगळ्यात वेगवान, मग एलएमपी२ या शर्यतीसाठीच बांधलेल्या गाड्या, मग एलएमजीटी३ (थोडक्यात जीटी३), म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवर बेतलेल्या. नंबराच्या पट्टीचा रंग बघा: लाल म्हणजे हायपरकार, निळा एलएमपी२, केशरी जीटी३. हायपरकारची फेरी साधारण साडेतीन मिनिटांची, जीटी३ची चार मिनिटांच्या आसपास. म्हणजे दर अर्ध्या तासाला हायपरकार त्याच जीटी३ला पुन्हा गाठते. खरी गंमत या गाठण्यात आहे. पहिल्या क्रमांकासाठी दोन गाड्या चिकटून धावत असतात आणि मध्ये तिसरी, वेगळ्याच शर्यतीतली गाडी येते. पुढच्याने आतून घातली, मागच्याला वळण संपेपर्यंत थांबावं लागलं, की दोन सेकंद गेले. गाड्यांच्या बाजूला लुकलुकणारे दिवे त्या वर्गातला पहिला, दुसरा, तिसरा दाखवतात, त्यामुळे अंधारातही पत्ता लागतो.

फलकावर ‘पहिला’ दिसणारा खरा पहिला असेलच असं नाही. हायपरकार साधारण पाऊण तासाने इंधनाला आत येते. ज्याची ती खेप व्हायची आहे तो तेवढ्यापुरता वर दिसतो. खरा हिशोब सगळ्यांच्या खेपा सारख्या झाल्यावर. पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबायच्या जागेत, इंधन भरताना इंजिन बंद ठेवावं लागतं आणि टायर त्यानंतरच बदलता येतात. म्हणून टायर न बदलता पुन्हा बाहेर पडणारा संघ वेळ वाचवतो आणि जुन्या टायरवर घसरायची जोखीम घेतो. एका गाडीचे चालक आळीपाळीने चालवतात आणि त्यांनाही मर्यादा आहे: एकाने एकूण १४ तासांपेक्षा जास्त, किंवा कुठल्याही ६ तासांत ४ तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही.

उभं कुठे राहायचं? सुरुवातीला डनलॉप पुलापासून एसेसच्या नागमोडी उतारापर्यंतचा गवती बांध. दुपारी १२ पर्यंत चटई टाकली नाही तर जागा नाही. जाळीला खेटून उभे राहू नका. जाळीतून फोटोत तार येते आणि गाडी दिसते निमिषभर. बांधाच्या वरच्या कडेला, जाळीपेक्षा उंचावरून बघा. प्रेक्षक इतके लांब का, अशी कुरकुर ऐकू येते. ११ जून १९५५ रोजी याच शर्यतीत एक मर्सिडीज उडून तिचे तुकडे गर्दीत घुसले आणि ८० हून अधिक प्रेक्षक ठार झाले. जाळीवर चढणाऱ्याला इथले मार्शल अजिबात दयामाया दाखवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

संध्याकाळी सातच्या सुमाराला शटलने आर्नाजच्या वळणाला जा. इथे आळस करू नका. या दिवसांत सूर्य रात्री दहाला मावळतो, खरा काळोख अकराच्या सुमाराला होतो आणि पाचनंतर उजाडू लागतं. रात्र आपल्या अंदाजापेक्षा बरीच आखूड. इंडियानापोलिसच्या वळणातून सुटलेली गाडी आर्नाजला, म्हणजे सर्किटच्या सगळ्यात संथ वळणाला, येते. आधी झाडांमागून दिव्यांचा झोत, मग ब्रेक लागताना चाकाच्या आऱ्यांतून दिसणारी लालभडक डिस्क. जसजसं अंधारतं तसतशी ती डिस्क केशरीपर्यंत जाते आणि गाडी वळली की विझते. एक्झॉस्टमधून ठिणगी, फटका, आणि गाडी पोर्श वळणांकडे निघून गेलेली. इथे तासभर थांबलं की डोळे मिटूनही गाड्या ओळखता येतात. कॅडिलॅकच्या व्ही८ इंजिनाचा छातीत बसणारा घरघराट एकीकडे, २०२५ पासून आलेल्या ॲस्टन मार्टिन वाल्किरीच्या व्ही१२ची किंकाळी दुसरीकडे. परतीच्या बसची वेळ उतरतानाच थांब्यावर बघून ठेवा, रात्री फेऱ्या विरळ होतात.

पाऊस आला आणि सगळ्यांना हळू चालवायला लावणारी आयोजकांची सेफ्टी कार बाहेर पडली की ताबडतोब झोपा. २०२४ मध्ये रात्री चार तासांहून अधिक काळ गाड्या सेफ्टी कारमागे रांगेत फिरत होत्या आणि हौशी मंडळी ‘आता सुरू होईल, मग सुरू होईल’ म्हणत भिजत बसली. कोरडं असेल तर पहाटे २ ते ५ पाठ टेका, पण गजर लावून. पहाटेचं पहिलं ऊन पडताना थकलेल्या गाड्या, त्यांच्यावरचे टेपचे पट्टे, काचांवरचे किडे, हे दिवसातलं सगळ्यात सुंदर दृश्य आहे असं आमचं ठाम मत आहे, आणि त्या वेळी निम्मं मैदान घोरत असतं.

ऊनोदिएर नावाचा सर्किटमधला प्रसिद्ध सरळ रस्ता एरवी साधा सार्वजनिक मार्ग आहे, ट्रक आणि दुधाच्या गाड्या त्यावरून जातात. शर्यतीच्या वेळी तिथे प्रेक्षकांना मज्जाव. शुक्रवारी ट्रॅकवर गाड्या धावत नाहीत. तेव्हा भाड्याच्या गाडीने त्यावरून जाता येईल, पण वेगमर्यादा पाळा, पोलीस तयारच असतात. शुक्रवारी संध्याकाळी गावातली चालकांची मिरवणूक रस्त्याच्या कडेला उभं राहून बघता येते.

कुणासाठी ओरडायचं, हा आपल्या मंडळींचा हमखास प्रश्न. आपला भारतीय चालक करुण चंडोक २०१२ साली इथे धावला आणि त्याची गाडी एकूण सहावी आली, हे फ्रेंच शेजाऱ्याला सांगायला विसरू नका. जग्वारने ही शर्यत सात वेळा जिंकली आहे. ते सातही विजय टाटांनी २००८ मध्ये जग्वार घेण्याच्या आधीचे, पण सांगताना तो तपशील गाळला तर कोण विचारतंय. सध्या मात्र फेरारीचा बोलबाला: २०२३, २०२४, २०२५, ओळीने तीन.

शेवटचा तास पिटसमोरच्या भागात काढा. ४ वाजता झेंडा पडल्यावर मार्शल फाटकं उघडतात आणि लोक व्यासपीठाखालच्या ट्रॅकवर उतरतात. फाटक उघडेपर्यंत थांबा. ट्रॅकवर वितळलेल्या रबराच्या गोळ्या बुटाला चिकटतात, त्या तिथेच खरवडा, नाहीतर हॉटेलच्या गालिच्याचे पैसे भरावे लागतील. ट्रामची रांग त्यानंतर दोन-दोन तास हलत नाही. म्हणून पॅरिसची गाडी रात्री ८ नंतरची घ्या, शक्य असेल तर सोमवार सकाळची, आणि सोमवारचं विमान संध्याकाळच्या आत नको.