पन्नासातले पंचेचाळीस

पुण्यातल्या नऱ्ह्यात आमची इंटरनेटची लाइन ज्या गल्ल्यांतून गेलीय, तिथली बहुतेक घरं एकाच साच्यातली. वर मालक, खाली इंजिनीअरिंगची पोरं. कनेक्शन मालकाच्या नावावर, खाली एक वायर सोडलेली आणि पोरांकडून महिन्याला डोक्यामागे काहीतरी ठरलेलं. घरगुती प्लॅनचं नेट असं पैसे घेऊन दुसऱ्याला द्यायचं नसतं, हे फॉर्मवर छापलेलं असतं. पण तो फॉर्म वाचून सही करणारा माणूस मला अजून भेटायचाय.

अशाच एका घरून रविवारी सकाळी फोन आला. मालकांचा मुलगा व्हॅलोरंट हा गोळीबाराचा ऑनलाइन गेम खेळतो. नुसता टाइमपास नाही, टीमबिम आहे, त्या दिवशी 4 वाजता कुठल्याशा ऑनलाइन स्पर्धेची पात्रता फेरी होती. गेले काही दिवस रात्री साडेआठच्या पुढे त्याचं पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद, सातवरून एकदम चारशेच्या वर जायचं. खालची पोरं मेसमधून जेवून परततात ती साडेआठलाच. काकांनी दोन आणि दोन चार केले आणि शनिवारी रात्री खाली जाणारी वायर राउटरमधून उपटून ठेवली.

मी पोचलो तेव्हा दारात चपला काढून खालची दोन पोरं उभी होती. त्या दोघांची 3 वाजता एका कंपनीची ऑनलाइन टेस्ट होती, कॅमेरा चालू ठेवून द्यायची. मोबाइलच्या नेटवर द्यायची त्यांची हिंमत नव्हती. काका सोफ्यावर, मुलगा आतल्या खोलीच्या दारात, काकू स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. वातावरण तापलेलं.

"दादा, तुम्ही एक काम करा," काका म्हणाले. "पन्नासातले पंचवीस ह्याच्या कॉम्प्युटरला रिझर्व्ह करून टाका. उरलेल्यात बाकीचे काय ते बघून घेतील."

ही मागणी मला नवी नाही. आमच्या ऑफिसात अशा तक्रारीवरचं उत्तरही ठरलेलं असतं: प्लॅन वाढवा. काकांनी ते ऐकून तीस एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला तीस मेगाबिटचा, प्लॅन पन्नासचा केलेलाच होता, आणि आता शंभर करा म्हणून पुन्हा फोन येऊन गेला होता.

आधी नेहमीचं बघून घेतलं. फायबर काढून पॉवर मीटरला लावली, सिग्नल उणे 21 डीबीएम. उत्तम. पॅचकॉर्ड कुठे मुडपलेली नाही. मुलाचा पीसी वायफायवर नव्हता, केबलवर होता, म्हणजे तोही संशय गेला. लॅपटॉप राउटरला जोडून मुंबईच्या सर्व्हरला पिंग लावलं: 7, 7, 8, 7. खालची वायर अजून उपटलेलीच होती.

"बघा, ते नसले की कसं चालतंय," काका म्हणाले.

मी काहीच बोललो नाही. पिंग तसंच चालू ठेवून स्पीड टेस्ट लावली. डाउनलोड चालू असताना पिंग साठ-सत्तरपर्यंत गेलं. अपलोड सुरू झालं आणि स्क्रीनवर 180, 310, 430 असं चढत गेलं. अपलोड संपल्यासंपल्या परत 7. दारातल्या पोरांपैकी एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. खालचं कोणी जोडलेलं नसताना हे झालं होतं.

घरची लाइन पन्नास मेगाबिटची, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला साधारण सव्वासहा मेगाबाइट बाहेर जाऊ शकतात. घरातल्या एखाद्या यंत्राने त्याहून जास्त ढकलायला सुरुवात केली की जादाचा माल फेकून न देता ओएनयू, म्हणजे घरात फायबर जिथे येऊन लागते तो डबा, तो आपल्या पोटात साठवून ठेवतं. अडीच मेगाबाइट साठले की मागून येणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पाकिटाला 0.4 सेकंद, म्हणजे 400 मिलिसेकंद, रांगेत थांबणं आलं. नवले पुलाखाली ट्रकांच्या मागे अडकलेल्या दुचाकीसारखं: तिला जागा हातभरच लागते, पण पुढचं हललं तरच तिला हलता येतं. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला 128 वेळा सगळ्यांचा हिशेब करतो. 400 मिलिसेकंदांत त्याचे पन्नासेक हिशेब होऊन गेलेले असतात. पोराला समोरचा दिसतो, तो गोळी झाडतो, तोवर सर्व्हरच्या लेखी पोरगा केव्हाच मेलेला.

गेमला स्वतःला लागतं किती? 1 एमबीपीएससुद्धा नाही. त्याला पंचवीस राखून ठेवले काय आणि पाच काय, रांग आहे तिथेच राहते. 2010 मध्ये जिम गेटीस या अमेरिकन इंजिनीअरने आपल्या घरच्याच लाइनवर हा घोळ पकडला, तेव्हापासून त्याला बफरब्लोट म्हणतात. इतकी वर्षं झाली, तरी साध्या घरगुती राउटरमध्ये आजही त्याच्यावर इलाज सापडेलच असं नाही. क्यूओएस नावाचं एक पान असतं, त्यात एकेका यंत्रासमोर टक्के भरायचे रकाने असतात आणि वर एकूण स्पीड लिहायचा एक रकाना. तो वरचा रकाना रिकामा किंवा चुकीचा असेल तर खालचे टक्के शोभेचे. काकांच्या राउटरमध्ये तिथे 1000 लिहिलेलं होतं. म्हणजे राउटरच्या मते रस्ता मोकळाच होता.

आता खरा प्रश्न. घरात अपलोड करतंय कोण?

राउटरच्या यादीत वरच्या मजल्यावरची पाच यंत्रं दिसत होती. मी काकूंना विचारलं, रात्री साडेआठला तुम्ही काय करता. "मी काय करणार? मालिका लागते. फोन चार्जिंगला लावते आणि बसते." फोन मागून घेतला. तेरा टक्के बॅटरी होती. चार्जरला लावला, आणि दोन मिनिटांत लॅपटॉपवरचं पिंग 7 वरून उठून अडीचशेच्या घरात गेलं. चार्जर काढला, खाली. परत लावला, वर. मुलगा आतल्या खोलीतून बाहेर आला आणि आईच्या फोनकडे बघत उभा राहिला.

त्यांच्या मुलीचा साखरपुडा नुकताच झालेला. काकूंच्या फोनमध्ये त्याचे सगळे व्हिडिओ फोर-केमध्ये, मिनिटाला तीन-चारशे मेगाबाइटचे. फोनच्या बॅकअपला सेटिंग होतं: वायफाय असेल आणि चार्जिंग चालू असेल तेव्हाच पाठव. मालिका सुरू व्हायची, फोन चार्जरला लागायचा आणि अख्खा साखरपुडा अपलोड व्हायला निघायचा. खाली पोरं मेसमधून परतायची तीही तेव्हाच.

"म्हणजे माझ्यामुळे?" काकूंनी विचारलं.

"तुमच्यामुळे नाही काकू, बॅकअप घ्यायलाच हवा. रांग लागते ती लागायला नको." आणि हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणालो नाही. बॅकअप बंद करून मी दहा मिनिटांत निघू शकलो असतो. उद्या खालच्या कोणी साठ जीबीचा गेम उतरवायला लावला की परत हेच.

"ह्यांचा काही दोष नाही असं समजू नका," मी दारातल्या पोरांकडे बघून काकांना म्हणालो, कारण त्यांच्यातल्या एकाच्या लॅपटॉपवर टोरेंटचं चिन्ह मी जिना चढताना पाहिलं होतं. पोरगा दुसरीकडे बघायला लागला.

माझ्या बॅगेत एक वापरलेला राउटर असतो, त्यात ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची लिनक्स प्रणाली टाकून ठेवलेली. त्यात केक नावाची रांग सांभाळणारी व्यवस्था आहे, जी 2018 पासून लिनक्सच्या गाभ्यातच आलेली आहे. ती टक्के वगैरे विचारत नाही. प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग करते आणि आळीपाळीने एकेकाला सोडते. गेमसारखा थोडंथोडं पाठवणारा प्रवाह आला तर त्याच्या रांगेत पुढे कोणी नसतंच. बॅकअपसारखा ओतणारा असेल तर त्याची रांग वाढू न देता त्याला वेळेवर आवरतं घ्यायला लावते. पण तिच्या हातात सूत्रं यायची तर रांग आमच्या राउटरमध्ये लागली पाहिजे, ओएनयूमध्ये किंवा आमच्या ऑफिसातल्या यंत्रात नव्हे. म्हणून लाइनच्या स्पीडपेक्षा थोडा कमी आकडा द्यावा लागतो. मी डाउनलोड आणि अपलोड दोन्हीकडे 45 लिहिले.

काका मागून बघत होते. "पन्नासचे पैसे भरतो. पंचेचाळीस का?"

"पाच सोडले तरच बाकीचे सुरळीत चालतात."

"आणि तुमची कंपनी ते पाच परत देणार का?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मात्र दारातल्या पोरांनी गालातल्या गालात हसून घेतलं तेवढ्याने काकांचाही आवाज जरा खाली आला.

खरी वाटाघाट पुढे झाली. केकला यंत्रागणिक समान वाटा देता येतो. खालच्या पोरांनी त्यांचा स्वतःचा राउटर लावलेला होता, त्यामुळे वरच्या राउटरला खालचे चौघं मिळून एकच यंत्र दिसायचे. तसंच ठेवलं तर गर्दीच्या वेळी वरच्या पाचांना पाच वाटे आणि खालच्या चौघांना मिळून एक. काका म्हणाले, चालेल की. पोरं म्हणाली, आम्ही पैसे देतो. बरं, त्यांचा राउटर नुसता अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे फक्त वायफाय पुरवणारा डबा, करून टाकला तर चौघांचे फोन आणि लॅपटॉप मिळून आठ यंत्रं होणार, मग वरच्या पाचांवर खालचे आठ भारी. हेही मालकाला मान्य होण्यातलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पटत नव्हतं.

मग मी काकांचा जुना राउटर काढून टाकण्याऐवजी माझ्या राउटरच्या खाली लावला. म्हणजे माझ्या राउटरला आता दोनच यंत्रं दिसत होती: वरचं घर आणि खालचं घर. दोघं एकदम ओढायला लागले तर अर्धं-अर्धं. एक गप्प असेल तर दुसऱ्याला सगळं. घराच्या आत पुन्हा प्रत्येक प्रवाह आपापल्या रांगेत. एकावर एक असे दोन राउटर आले की काही गोष्टी अडतात, विशेषतः घरूनच गेम होस्ट करणाऱ्यांच्या. पण ह्या मुलाचा गेम कंपनीच्या सर्व्हरवर चालतो, त्याला त्याने फरक पडत नाही.

"म्हणजे पंचवीस रिझर्व्ह झाले की नाही?" काकांनी शेवटचं विचारून घेतलं.

"झाले. साडेबावीस. पण तुम्ही वापरत नसाल तेव्हा ते खाली मिळणार."

काकांनी काकूंकडे बघितलं. "राहू द्या तसंच," काकू म्हणाल्या, "नाहीतर कुलूप लावून ठेवायचंय का?"

लाइनवर लॉगिन करायचं, पीपीपीओईचं, यूजरनेम-पासवर्ड ओएनयूमधून काढून माझ्या राउटरवर घेतलं, ओएनयू ब्रिजला टाकलं, म्हणजे त्याने आता नुसतं पुढे पाठवायचं, खालची वायर परत जोडली. मग परीक्षा. काकूंचा फोन चार्जरला. खाली पोरांना सांगितलं, काय उतरवायचं ते उतरवा, लाजू नका. मुलाने पीसीवर गेम उघडला. पिंग 9, 11, 10, मधूनच 14. बॅकअपही थांबला नव्हता, अपलोडला वीसेक एमबीपीएस मिळत होते. मुलगा पाच मिनिटं स्क्रीनवरच्या त्या आकड्याकडे बघत बसला, खेळायचं सोडून.

3 वाजता खालच्यांची टेस्ट सुरू झाली. 4 वाजता वर फेरी सुरू झाली. मी तोवर थांबलो होतो, चहा झाला होता आणि राउटरच्या पैशांचं ठरायचं होतं. पोरांनी निम्मे देतो म्हटल्यावर काकांनीही घासाघीस सोडली. फेरीत मुलाची टीम दुसऱ्याच मॅचला हरली. पिंग 11 होतं. तो हेडफोन काढून बाहेर आला आणि नेटबद्दल अवाक्षर बोलला नाही.

निघताना राउटरवर चिठ्ठी चिकटवली: "दोन्ही आकडे 45. प्लॅन बदलला तर मला फोन करा." पुढे दिवाळीच्या सुमारास काकांचा फोन आला. ऑफिसातून कोणीतरी ऑफर सांगितली म्हणून शंभरचा प्लॅन घेतला होता आणि आता म्हणत होते, स्पीड टेस्ट पंचेचाळीसच्या पुढे जात नाही, तुमची कंपनी फसवते. चिठ्ठी कुठाय विचारलं तर म्हणाले, रंगकामात निघाली असेल. मुलाला फोनवर घेतलं आणि दोन्ही रकान्यांत 90 लिहायला सांगितलं.

"आता दहा गेले?" मागून काकांचा आवाज आला.