सात ग्रॅमचा ठोकळा

सकाळी सव्वानऊला शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या मालकांचा फोन. "ताई, बिडाचा ठोकळा सात ग्रॅमचा असतोय व्हय ओ?"

आमच्या कोटेशनच्या प्रोग्रॅममध्ये घनफळाच्या रकान्यात नुसता आकडा नाही, अख्खं गणित लिहिता येतं. ही सोय मीच हौसेने दिलेली. जुने मिस्त्री ५*५*२ असं लिहायचे. नवे आले ते एक्सेलवाले, त्यांनी लिहिलं ५^२*२. म्हणजे ५० घनसेंटिमीटर, बिडाची घनता ७.२ धरली तर वजन ३६० ग्रॅम. स्क्रीनवर आले ७.२.

चूक माझी. आत मी सरळ इव्हॅल वापरला होता, म्हणजे रकान्यात जे लिहिलंय ते जसंच्या तसं पायथॉन या भाषेतली आज्ञा म्हणून चालवायचं. आणि एक्सेलमध्ये ^ म्हणजे घात असला तरी पायथॉनमध्ये तो बिटांचा एक्सॉर: दोन आकड्यांचे बिट जोडीने ताडायचे, वेगळे असतील तिथे १, सारखे तिथे ०. घाताला ** लागतं. त्यात एक्सॉरचा नंबर गुणाकारानंतर. आधी २*२ चार झाले, मग ५ आणि ४, म्हणजे बायनरीत १०१ आणि १००, यांच्या एक्सॉरमधून उरला एक. एरर आली असती तर परवडलं असतं.

इव्हॅल तसाही काढायचाच होता. रकान्यात कुणी ९**९**९ लिहिलं की मशीन तिथेच बसतं, आणि फाइल पुसायची आज्ञा लिहिली तर तीही निमूट पाळली जाते. मग पायथॉनचंच एएसटी नावाचं मॉड्यूल घेतलं. ते लिहिलेल्या गणिताचं झाड करून देतं. आपण फांदी न् फांदी तपासायची, आकडे आणि चार क्रिया आत सोडायच्या, बाकी सगळं दारातूनच परत. एक्सॉरची फांदी दिसली की 'घात कर' असं लिहिलं, अकराला नवी आवृत्ती पाठवली आणि चहा सांगितला.

चहा यायच्या आत फोन. "ताई, आता साडेचार किलो!"

पाठकोऱ्या कागदावर झाड काढून बघितलं तेव्हा कळलं. मी क्रियेचं नाव बदललं होतं, पण फांद्या पायथॉनच्या नियमाने आधीच फुटल्या होत्या. २*२ अजूनही आधीच होत होतं. पाचाचा चौथा घात ६२५, गुणिले ७.२, बरोब्बर ४,५०० ग्रॅम.

स्वतःचाच पार्सर, म्हणजे लिहिलेलं गणित वाचून उलगडणारा प्रोग्रॅम, लिहायचा मोह झाला. डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्राची १९६१ची पद्धत कॉलेजात केली होती: आकडे सरळ पुढे, चिन्हं बाजूच्या रुळावर थांबवायची, रेल्वे यार्डात डबे लावतात तशी. त्यात कुठलं चिन्ह आधी हे आपल्या हातात राहतं. पण मालक फोन धरून उभे होते. झाड करायच्या आधीच मजकुरातल्या ^ च्या जागी ** घातलं, आणि घात किती मोठा चालेल त्याला मर्यादा लावली. दोन-तीन ओळींचं काम.

"३६० आलं," मागून मिस्त्रींचा आवाज. "थांबा, मोठं एक बघतो." त्यांनी टाकलं १,२५,०००. स्क्रीनवर उमटलं, 'हे गणित समजलं नाही.' पायथॉनला तो सव्वा लाख नव्हताच, स्वल्पविरामांनी तोडलेले तीन सुटे आकडे होते: एक, पंचवीस आणि शून्य. स्वल्पविराम काढायची ओळ मी फोन न ठेवताच लिहिली.