डोंगरउतारावरची धूप ड्रोनने मोजायची तर

पारसिक आणि खारघरच्या डोंगरांवरून पावसाळ्यात खाली येणारं पाणी गढूळ का, हे सांगावं लागत नाही. किती माती वाहून गेली, हे मात्र मोजावं लागतं. त्यासाठी ड्रोनच्या फोटोंतून जमिनीच्या उंचीचं मॉडेल बनवतात आणि दोन वेळच्या मॉडेलांची वजाबाकी करतात. पण ड्रोनला सगळी धूप दिसत नाही. हेक्टरी १० टन माती गेली तर जमिनीची उंची सरासरी ०.७ मिलिमीटरने घटते, त्यामुळे सालकाढी धूप (पृष्ठभागाचा पातळ थर सारखा वाहून जाणं) या पद्धतीने मोजायला जाऊच नये. मोठे ओघळ, घळी आणि कापलेल्या मुरमाच्या कडा यांच्यासाठी ती उत्तम आहे.

१ इंची सेन्सरच्या २० मेगापिक्सेल कॅमेऱ्याने ६० मीटरवरून एक पिक्सेल साधारण १.६ सेंटिमीटरचा पडतो. ओव्हरलॅप, म्हणजे शेजारच्या फोटोंत सामाईक येणारा भाग, पुढे ८० टक्के, बाजूला ७० ठेवा. उंची पायथ्यापासून धरली आणि उतार ३० मीटर चढला, तर माथ्यावर फोटोची व्याप्ती निम्मी होते आणि ८०चा ओव्हरलॅप ६०वर येतो. म्हणून उड्डाण उताराला धरूनच आखायचं. वेळ दुपारी बाराच्या आसपासची, नाहीतर घळीच्या तळात सावली भरते आणि तिथेच मॉडेल फसतं.

सगळे फोटो सरळ खाली बघून काढले की लेन्समुळे फोटोत येणारी वक्रता गणितात नीट सुटत नाही आणि जमीन मधोमध घुमटासारखी फुगते किंवा दबते. २०-३० अंश तिरक्या फोटोंची एक फेरी यावर बराच उतारा आहे. घळीच्या उभ्या भिंतीही तिच्यातच दिसतात.

जमिनीवर ८-१० नियंत्रण बिंदू (नेमकी जागा आणि उंची मोजलेल्या खुणा) हवेत: कडेला, मध्ये, माथ्यावर आणि तळाशी. चुन्याच्या फुल्या पहिल्या पावसात जातात, म्हणून उघड्या काळ्या कातळावर ऑइलपेंटने खूण करा. शिवाय तीन-चार बिंदू गणितात न घेता फक्त तपासणीला ठेवा.

आपल्याकडची खरी अडचण गवताची. ऑक्टोबरात ते कमरेला लागतं, कॅमेऱ्याला त्याचे शेंडे दिसतात आणि वजाबाकीत तिथे मातीची भर पडल्यासारखी दिसते. मे ते मे अशी तुलना सर्वांत भरवशाची. दिवाळीआधीच आकडा हवा असेल तर गवताळ भाग नकाशातून सरळ कापून टाका.

वजाबाकीआधी मोजणीत किती चूक असू शकते याचा हिशोब करा. दोन्ही सर्वेक्षणांची उंचीतली चूक ३-३ सेंटिमीटर असेल, तर वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ ४.२ येतं. ९५ टक्के खात्रीसाठी त्याला १.९६ने गुणलं की साधारण ८ सेंटिमीटर. त्याहून कमी फरक धरू नका. पण ही चाळणी फक्त विखुरलेल्या चुकीसाठी. संपूर्ण मॉडेलच ३ सेंटिमीटर वर सरकलं असेल, तर एका हेक्टरवर ३०० घनमीटरची चूक होते आणि ती सरासरीत विरत नाही. जे हललेलं नाही, अशा कातळावर किंवा पाण्याच्या टाकीच्या स्लॅबवर फरक शून्य येतो का, ते आधी पाहा.

घनमीटरचे टन करायला पुस्तकातली घनता घेऊ नका. ठरावीक आकारमानाच्या नळीने घळीच्या काठाचे नमुने काढून, वाळवून, तोलून बघा. सैल माती आणि दाबलेला मुरूम यांत बराच फरक पडतो.

येऊरला वन खात्याची परवानगी लागते, आणि नवी मुंबईत विमानतळामुळे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर ड्रोन उडवायचा झोन पाहिल्याशिवाय ड्रोन पेटीतून काढूही नये.