आमची वाटचाल : चाळीस साड्या आणि एक खांदा

गोव्यात डिचोलीतला आमचा पहिला हातमाग जमिनीत आहे. चिरा फोडून खड्डा केला, त्यात पाय सोडून बसायचं. विणकाम शिकवायला सोलापूरहून मास्तर आले तेव्हा खड्ड्याची खोली त्यांनी टेपने घेतली नाही. मला काठावर बसवलं, पाय सोडायला लावले, गुडघा कुठे वाकतो ते पाहिलं आणि तिथे कोळशाने रेघ मारली. तो माग माझ्या पायांचा आहे. मुलगा माझ्याहून उंच. तो बसतो तेव्हा खाली गोणपाट दुमडून घेतो.

गोव्यातल्या कुणबी बायकांच्या साडीची, कुणबी साडीची, लाल-पांढरी चौकडी दिसायला साधी. उजव्या हातात झटका, म्हणजे धोटा पळवायची दोरी; डाव्या हातात हात्या, म्हणजे धागा ठोकून बसवायचा दांडा; पायांखाली आळीपाळीने दाबायच्या पावड्या, आणि रंग बदलला की आडवा धागा नेणारा धोटा बदलायचा. आमच्या एका चौकटीला ताण्यात, म्हणजे उभे, २४ धागे; बाण्यात, म्हणजे आडवे, तेही २४. ताण्याचे धागे फणीत अडकलेले, ते हलत नाहीत. बाण्याचे किती दाटीने बसतील ते ठोक्यावर. ठोका जड पडला की चौकट बुटकी, हलका पडला की उंच. मास्तर कापडावर बोट ठेवून सांगायचे, ही वीत जेवणाआधीची, ही नंतरची. एकदाही चुकले नाहीत.

गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडी फॅशनच्या मंचावर नेली आणि पुढे आमच्याकडेही विचारणा होऊ लागली. मडगावच्या एका व्यापाऱ्याने ४० साड्या सांगितल्या. कर्ज काढून सूत भरलं. अकराव्या साडीवर माझा उजवा खांदा गेला. हात कानाच्या वर जाईना. मास्तर वयाने थकलेले, तरी दिवसा तेच बसले. रात्री बायको बसायची. एका मागावर तीन हात. गणेश चवथीच्या आठ दिवस आधी ४० च्या ४० पोचवल्या.

व्यापाऱ्याने पट्टी काढली. काउंटरवर साडी पसरून चौकटी मोजल्या. "माल एकसारखा नाही." सगळा गठ्ठा परत. दोन महिन्यांनी त्याच्याच दुकानात तीच चौकडी, माझ्या नमुन्यावरून उचललेली तीच किनार, पॉवरलूमवर काढलेली. किंमत आमच्या एक तृतीयांश, वर चिठ्ठी 'हातमाग'. कापड हातमागाचंच आहे हे सांगणारा सरकारचा शिक्का, हँडलूम मार्क, २००६ पासून आहे, तो त्यातल्या एकाही साडीवर नव्हता. उलटून पाहतो कोण? चौकटी पट्टीला सारख्या भरत असतील, ते मला मान्य. पण हात न लागलेल्या कापडाला हाताचं नाव दिलं, ते मी आजही विसरलेलो नाही.

त्या गठ्ठ्यातली पहिली साडी केप्याच्या आजींनी नेली. दोन बस बदलून यायच्या. साडीला साडी म्हणत नाहीत, 'कापड' म्हणतात. पदराचं टोक खांद्यावर घेऊन गाठ मारून पाहिली, घट्ट बसली. मग अंगठा फिरवत निऱ्यांपर्यंत आल्या आणि थांबल्या. "हांगा हात बदल्ला मरे?" तिथून पुढे बायकोचा हात होता. मी खांदा दाखवला. आजींनी किमतीत एक रुपया कमी केला नाही, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या वाड्यावरच्या दोघी आल्या. कर्ज फिटायला तीन वर्षं लागली. नंतरची वर्षं नीट गेली.

नवीन बसणाऱ्यांना सांगतो, झटक्याची मूठ छातीपाशी येईल एवढी दोरी लांब ठेवा. माझी आखूड होती, त्याचीच किंमत खांद्याने मोजली. एका साडीवर हात बदलू नका. बदलावाच लागला तर पदर सुरू होतो तिथे बदला, म्हणजे जोड नजरेत येत नाही. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी शिंपडा, ओलाव्याने सूत कमी तुटतं. पावसाळ्यात उकड्या तांदळाच्या पेजेची खळ लावलेला ताणा ओला ठेवून झोपू नका, सकाळी बुरशी दिसेल. आणि दर तासाला खड्ड्यातून बाहेर या. मास्तर मला हे ओरडून सांगायचे, मी ऐकलं नाही.

आजींनी यंदा दोन कापडं सांगितली आहेत. एक माझ्या हातचं, ते सणाला. दुसरं बायकोच्याच हातचं हवं, माझं चालणार नाही. तिचा ठोका हलका, उन्हाळ्यात अंगाला वारं लागतं म्हणाल्या.