दहापैकी किती?

मंगळवार, रात्री पावणेअकरा

उजव्या कुशीवर वळता येत नाहीये, म्हणून उठून बसले. परवा खोकताना बरगडीत चमक भरली ती अजून तिथेच आहे. श्वास अर्ध्यावर आला की टोचते, मग मी तो तिथेच सोडून देते. संध्याकाळी भाच्याने आजोबांची नक्कल केली, सगळे पोट धरून हसले आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले. हसू आलं की खोकला येतो, खोकला आला की ही चमक. त्याला वाटलं आत्याला आवडलं नाही. हे मला बरगडीपेक्षा जास्त लागलं.

सिस्टिक फायब्रोसिस म्हटलं की आधी समजावून सांगण्यातच वेळ जातो. जन्मतःच एक जनुक बिघडलेलं, त्यामुळे पेशींतून मीठ-पाण्याची ये-जा नीट होत नाही, कफ डिंकासारखा चिकट होतो, त्यात जंतू घर करतात. स्वादुपिंडाचा रस आतड्यात पोचत नाही, म्हणून जेवताना पाचक रसाची कॅप्सूल. एवढं ऐकून समोरचा हळहळून मोकळा होतो. दुखण्यापर्यंत गोष्ट पोचतच नाही.

तपासणीतही तेच. वजन, ऑक्सिजन, फुंकायची चाचणी, कफाचा रिपोर्ट. काल सीएफक्यू-आर नावाची जीवनमानाची प्रश्नावली भरायला दिली. मोठ्यांसाठी 50 प्रश्न, 12 विभाग. खोकला, भूक, मनःस्थिती, उपचारांचं ओझं, सगळं आहे. पोटात दुखतं का, हे पचनाच्या भागात विचारलंय. पण दुखण्याचा म्हणून वेगळा विभाग नाही. मी पानं उलटून दोनदा शोधला.

शेवटी मीच म्हटलं, दुखतं. डॉक्टरांनी विचारलं, "दहापैकी किती?" मी चार म्हणाले. चार म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं.

मला दुखणं आकड्यांत सांगता येत नाही. बरगडीत येते ती चमक. लग्नाच्या पंगतीत चारचौघांसमोर कॅप्सूल घ्यायला संकोचले, तर काही तासांनी येतो तो मुरडा. आतडं तुंबायला लागलं की पोटात उजवीकडे खाली येते ती कळ, थांबून थांबून. ती आली की घरी बसायचं नाही, हे आता पक्कं ठाऊक आहे. सायनस भरले की कपाळात ठणका, खाली वाकलं की आणखी. रात्रभर खोकल्यावर पाठीत भरते ती उसण. मध्येच गुडघे, घोटे धरतात, आठवडाभर जिना नकोसा करतात आणि आले तसे निघून जातात. या सगळ्यांची बेरीज चार कशी करायची?

आणि हे नुसतं सोसून भागत नाही. दुखतं म्हणून मी हलकं खोकते. हलकं खोकलं की कफ आतच राहतो, मग ताप, मग पुन्हा सलाईन, पुन्हा रात्रभर खोकला. हा फेरा मी तीनदा फिरलेय. गोळीही मनाने घेता येत नाही. शिरेतून चालणारी काही अँटिबायोटिक्स मूत्रपिंडावर ताण आणतात, त्यात ब्रुफेनसारखी गोळी नको. कफात रक्त दिसलं तरी नको. अफूच्या वर्गातल्या जोरदार औषधांनी खोकला दबतो आणि आतडं सुस्तावतं, आणि माझ्या अंगात नेमकं या दोन्हींनी चालू राहायला हवं.

लहानपणी टीबी समजून माझे दोन कोर्स झाले. आठव्या वर्षी घामातलं क्लोराइड मोजलं. 60 च्या वर गेलं की हा आजार धरतात, माझं 104 निघालं. आई अजून म्हणते, "तुझा पापा घेतला की ओठ खारट व्हायचे गं. पण ते डॉक्टरांना सांगायचं असतं, हे कुठे ठाऊक होतं?"

उद्या वहीत आठवड्याचं सगळं उतरवणार. कुठे, कधी, काय करताना, आणि माझ्याच शब्दांत.

शनिवार, रात्र

वही दाखवली. डॉक्टरांनी पूर्ण वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "उसण आणि चमक यात फरक काय हो?" मी आधी पाठीवर हात ठेवून दाखवलं, मग बरगडीवर. त्यांनी बरगडीवरून बोट फिरवलं आणि लगेच एक्स-रे लिहून दिला. हाडांची घनता आणि ड जीवनसत्त्वही तपासायचंय. चरबी नीट पचत नाही, मग ड आणि के कमी पडतात आणि हाडं ठिसूळ होतात. माझी घनता कधीच मोजलेली नव्हती.

एक्स-रेमध्ये बारीक तडा दिसला. खोकून बरगडीला तडा गेला होता, आणि मी चार म्हणाले होते.

सकाळच्या फिजिओच्या, म्हणजे कफ सुटायच्या छातीच्या व्यायामाच्या, अर्धा तास आधी पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलंय, आणि खोकताना छातीशी काहीतरी घट्ट धरायचं. आईने तिची जुनी सुती साडी चौपदरी घडी करून दिली. संध्याकाळी ती बरगडीवर दाबून खोकले. दुखलं, पण श्वास तळापर्यंत गेला आणि चार दिवस अडकलेला कफ सुटला. आई दारात उभी होती. "आलं का?" एवढंच विचारलं तिने.

भाच्याला जवळ बसवून तडा कुठेय ते दाखवलं. त्याने साडीची घडी हातात घेतली आणि म्हणाला, "आता ही धर, मी पुन्हा करतो आजोबा."

गजर साडेपाचचा. गोळी लगेच, वाफ आणि फिजिओ सहाला.