नवे स्टुडिओ मॉनिटर आणल्यावर, मिक्सला हात लावण्याआधी

नवे मॉनिटर (मिक्सिंगसाठीचे स्पीकर) खोक्यातून बाहेर काढले की लगेच एखादं सेशन (गाण्याच्या रेकॉर्डिंगची फाइल) उघडून मिक्स करून बघावंसं वाटतं. तो मोह आवरा. जुन्या जोडीत काय कमी आहे आणि काय जास्त आहे, हे तुमच्या कानांनी कधीच हेरून ठेवलेलं असतं आणि हात त्याची भरपाई न विचारता करत असतात. जुन्या स्पीकरमध्ये ५० हर्ट्झखालचं काही ऐकूच येत नसेल, तर किकचा (बास ड्रमचा) तळ तुम्ही आजवर मीटर बघून आणि वूफरचा कोन (खालच्या आवाजाचा पडदा) किती हलतो ते बघून लावत आलात. जोडी बदलली की ती भरपाई चुकते, सवय मात्र तशीच राहते. त्यामुळे आधी नवी जोडी खोलीत नीट बसवायची, मग सवयी शोधून सोडवायच्या. हा क्रम उलटा झाला की खोलीचा दोष स्पीकरच्या माथी मारला जातो.

सुरुवात जागेपासून. स्पीकरमागच्या भिंतीवर आदळून परतलेली लाट आणि थेट येणारी लाट एका ठरावीक फ्रीक्वेन्सीला एकमेकींना मारतात. ती फ्रीक्वेन्सी काढणं सोपं आहे: ३४३ ला स्पीकरच्या दर्शनी पट्टीपासून भिंतीपर्यंतच्या अंतराच्या चौपटीने भागा, अंतर मीटरमध्ये. पट्टी भिंतीपासून १ मीटरवर असेल तर खड्डा (आवाज घटण्याची जागा) ८६ हर्ट्झच्या आसपास पडतो, म्हणजे नेमका किक आणि बासच्या पोटात. ३५ सेंटिमीटरवर असेल तर तो २४५ हर्ट्झला सरकतो आणि तिथे मागच्या भिंतीवर लावलेला १० सेंटिमीटर जाडीचा मिनरल वूलचा पॅनल बऱ्यापैकी काम करतो. छोट्या खोलीत ‘स्पीकर भिंतीपासून जमेल तितके लांब’ हा सल्ला मला म्हणूनच पटत नाही. जवळ ठेवा, पण मागे पोर्ट (हवेचं भोक) असेल तर त्याला श्वास घ्यायला १०-१५ सेंटिमीटर मोकळे सोडा. भिंतीजवळ आल्यामुळे खालचा भाग फुगतो, त्यासाठी मागच्या बाजूला स्विच दिलेला असतो. यामाहाच्या एचएस मालिकेत त्याचं नाव ‘रूम कंट्रोल’ आहे आणि तो ५०० हर्ट्झखालचा भाग २ किंवा ४ डीबीने उतरवतो. इतर कंपन्यांच्या मॉनिटरवर नावं वेगळी असतात, काम साधारण हेच.

समजा खोली ३.४ मीटर लांब आहे. स्पीकरची पट्टी भिंतीपासून ३५ सेंटिमीटरवर, दोन ट्वीटरमधलं (वरच्या आवाजाच्या छोट्या ड्रायव्हरमधलं) अंतर १.१ मीटर, आणि प्रत्येक ट्वीटरपासून डोक्यापर्यंतही १.१ मीटर. या समभुज त्रिकोणात तुमचं डोकं पुढच्या भिंतीपासून साधारण १.३ मीटरवर येतं. खोलीच्या लांबीच्या ३८ टक्के अंतरावर बसावं असा जो प्रघात आहे, त्याच्याशी हे जुळतं. ३८ टक्के हा शोधाचा आरंभबिंदू समजा, तिथून दहा-दहा सेंटिमीटर पुढेमागे सरकून बघायचंच. बरोबर मधोमध मात्र बसू नका. ३.४ मीटर लांबीच्या खोलीचा पहिला मोड (भिंतींमध्ये घुमणारी लाट) ५० हर्ट्झला येतो आणि मधल्या रेषेवर तो जवळपास ऐकूच येत नाही. बास गिटारचा खालचा जी ४९ हर्ट्झचा असतो. तो सूर तुम्हाला मधोमध बसून सापडणार नाही, तुम्ही तो वाढवाल, आणि बाहेर कुठेही लावलं की तोच सूर घुमेल.

ट्वीटर कानाच्या उंचीवर हवा. उभ्या ठेवण्यासाठी बनवलेला दोन ड्रायव्हरचा मॉनिटर आडवा करू नका. २ किलोहर्ट्झला लाटेची लांबी १७ सेंटिमीटर असते आणि छोट्या मॉनिटरमध्ये वूफर-ट्वीटरच्या केंद्रांमधलं अंतरही साधारण तेवढंच असतं. आडव्या ठेवलेल्या स्पीकरसमोर डोकं थोडं डावी-उजवीकडे हललं की क्रॉसओव्हरजवळ (जिथे वूफर थांबून ट्वीटर सुरू होतो त्या फ्रीक्वेन्सीजवळ) दोन्ही ड्रायव्हरचे आवाज एकमेकांना खातात आणि गाणाऱ्याचा आवाज जागा बदलल्यासारखा वाटतो. टेबलाचाही उपद्रव कमी नसतो. टेबलावरून उसळून येणारा आवाज थेट आवाजापेक्षा ३० सेंटिमीटर जास्त चालत असेल, तर ५७० हर्ट्झच्या आसपास पहिला खड्डा पडतो. स्पीकर टेबलाच्या मागे वेगळ्या स्टँडवर ठेवा. ते जमत नसेल तर निदान टेबलाच्या पुढच्या कडेपर्यंत आणून किंचित वर उचला. बाजूच्या भिंतींसाठी आरशाची युक्ती पुरेशी आहे: तुम्ही खुर्चीत बसा, कुणाला तरी भिंतीवर आरसा सरकवायला सांगा, आणि जिथे आरशात ट्वीटर दिसेल तिथे पॅनल लावा.

आता जोडणी. इंटरफेसपासून (कॉम्प्युटरला जोडलेल्या ऑडिओ यंत्रापासून) मॉनिटरपर्यंत बॅलन्स्ड केबलच (दोन सिग्नल तारा आणि शील्ड असलेली) घ्या, दोन्ही टोकांना टीआरएस (तीन भागांचा जॅक) किंवा एका टोकाला टीआरएस आणि दुसऱ्याला एक्सएलआर (तीन पिनांचा कनेक्टर). सोल्डर स्वतः करत असाल तर एक्सएलआरची पिन १ शील्ड, पिन २ हॉट (सिग्नल), पिन ३ कोल्ड (उलटा सिग्नल). एकाच केबलमध्ये २ आणि ३ ची अदलाबदल झाली तर दोन स्पीकरची पोलॅरिटी एकमेकींच्या उलट होते: बास विरतो, आणि मोनो आवाज मधोमध न येता डोक्याच्या दोन्ही बाजूंना लोंबकळतो. नव्या जोडीचा ‘बास कमी आहे’ असं वाटलं की सगळ्यात आधी मोनो पिंक नॉइज (प्रत्येक सप्तकात सारख्या ऊर्जेचा चाचणीचा खरखराट) वाजवून हेच तपासा. आवाज दोन स्पीकरच्या मध्ये एका बिंदूत बसला पाहिजे.

गुणगुण ऐकू येत असेल तर ती बहुधा ग्राउंड लूपची (अर्थिंगच्या एकाहून जास्त वाटांची) असते, वीज ज्या फ्रीक्वेन्सीची त्याच सुराची, म्हणजे ५० किंवा ६० हर्ट्झ आणि त्यांच्या पटी. इंटरफेस, कॉम्प्युटर आणि दोन्ही मॉनिटर एकाच पॉवर स्ट्रिपवर घ्या. माउस हलवल्यावर किरकिर येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका, त्यावर जीव अवलंबून असतो. सतत हिस येत असेल तर लेव्हल चुकलेली असते. मॉनिटरवर +४ आणि -१० असा स्विच असतो. +४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट, -१० डीबीव्ही म्हणजे ०.३१६ व्होल्ट, फरक जवळजवळ १२ डीबी. बॅलन्स्ड इंटरफेस असेल तर +४ ठेवा. मॉनिटरचा गेन इतका ठेवा, की रोजच्या कामाच्या आवाजाला इंटरफेसचा नॉब घड्याळाच्या अकरा ते दोनच्या दरम्यान राहील. नॉब अगदी खाली ठेवून काम केलं तर अॅनालॉग पॉटमध्ये (नॉबमागच्या भागात) डावा-उजवा आवाज सारखा राहत नाही आणि तुम्ही पॅन (आवाजाची डावी-उजवी जागा) विनाकारण दुरुस्त करत बसता. ऑटो स्टँडबायही बंद करा. हळू आवाजात काम करताना मॉनिटर मधेच झोपतात आणि उठताना पहिला सूर गिळतात.

लेव्हल जुळवण्यासाठी पिंक नॉइज -२० डीबीएफएस आरएमएसवर (डिजिटल कमाल पातळीखाली सरासरी २० डीबी) लावा. आवाज मोजणारं मीटर सी-वेटिंग (बास फारसा न वगळणारी मोजणी) आणि स्लो. एका वेळी एकच स्पीकर चालू ठेवा आणि माइक डोक्याच्या जागी धरा. छोट्या खोलीत प्रत्येक स्पीकरला ७३ ते ७६ डीबी पुरतो. मोठ्या डबिंग थिएटरमध्ये वापरतात ती ८५ डीबीची पातळी या खोलीत कानांना थकवेल. फोनमधल्या अॅपचा आकडा चार-पाच डीबीने चुकीचा असू शकतो, पण डावा-उजवा सारखा करायला तेच अॅप चालतं. नॉबच्या या जागेवर पट्टी चिकटवा आणि पहिले काही आठवडे ती सोडू नका. आवाज कमी-जास्त झाला की कानाला बास आणि हाय वेगळे वाटू लागतात, मग बदल स्पीकरचा की आवाजाच्या पातळीचा हे कळत नाही.

जुनी आणि नवी जोडी शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर आणखी एक काळजी घ्या. नव्या जोडीचा वूफर मोठा असेल तर पूर्ण पिंक नॉइजवर मीटर बासमुळे फसतं. नॉइज ५०० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यात कापा आणि तो दोन्ही जोड्यांवर अर्ध्या डीबीच्या आत जुळवा. एवढं केलं नाही तर जी जोडी थोडी मोठ्याने वाजते ती हमखास चांगली वाटते.

खोली मोजायला रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर आणि कॅलिब्रेशन फाइलसह येणारा एखादा मेजरमेंट माइक पुरतो. डावा आणि उजवा वेगवेगळा मोजा, डोक्याभोवती पाच-सहा जागा घ्या, सरासरी काढा. मग जे उंचवटे दिसतील ते ईक्यूने (फ्रीक्वेन्सी कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) उतरवा, खड्डे भरू नका. खड्ड्यात थेट लाट आणि परतलेली लाट एकमेकींना मारत असतात. तुम्ही ६ डीबी वाढवलेत तर दोघी सारख्याच वाढतात, खड्डा तिथेच राहतो, आणि अॅम्प्लिफायरला मात्र त्या जागी चौपट पॉवर द्यावी लागते. खड्ड्याला उपाय म्हणजे स्पीकर किंवा खुर्ची सरकवणं.

खोलीच्या करेक्शनचं प्लगइन मास्टर बसवर (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथे) लावत असाल तर बाउन्स (अंतिम फाइल तयार) करण्याआधी बंद केलंच पाहिजे, नाहीतर तुमच्या खोलीची दुरुस्ती गाण्यात छापली जाते. हा घोळ इतका सहज होतो, की प्लगइन मास्टरवर ठेवूच नये असं माझं ठाम मत आहे. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरपैकी रीपरमध्ये ‘मॉनिटरिंग एफएक्स’ आणि क्यूबेसमध्ये ‘कंट्रोल रूम’ नेमके यासाठीच दिले आहेत. तिथलं काही रेंडरमध्ये (अंतिम फाइलमध्ये) जात नाही. शिवाय लिनियर-फेज करेक्शन लेटन्सी (आवाज पोचायला लागणारा उशीर) वाढवतं, त्यामुळे रेकॉर्डिंगच्या वेळी ते बाजूला ठेवा.

आता कानांचं काम. स्पीकर ‘तापायला’ शंभर तास लागतात वगैरे ऐकू येतं. कोनभोवतीचं रबर सुरुवातीला थोडं सैल होतं, पण आठवड्याभरात जो मोठा फरक जाणवतो तो बहुतांशी तुमच्या कानांत घडलेला असतो. त्याला मदत करा. अगदी पाठ असलेली आठ-दहा गाणी लॉसलेस फाइलमध्ये घ्या आणि सेशनमध्ये एका ट्रॅकवर टाका, तोही मास्टर बसची प्रोसेसिंग चुकवून. मास्टर केलेलं गाणं -९ लफ्सवर (आवाजाच्या मोठेपणाचं एकक) आणि तुमचं मिक्स -१८ वर असेल, तर गाण्याचा फेडर ९ डीबी खाली. मग एका वेळी एकच प्रश्न घेऊन ऐका. गाणाऱ्याचा आवाज स्नेअरच्या तुलनेत किती पुढे आहे? बासच्या ओळीतला कुठला सूर उडी मारतो? रिव्हर्बची (घुमाऱ्याची) शेपटी किती वेळ ऐकू येते?

बासच्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला आणखी एक सरळ उपाय आहे. एखाद्या सिंथवर साधी साइन वेव्ह लावा, सगळे सूर एकाच व्हेलॉसिटीने (सारख्या जोराने), खालच्या ईपासून म्हणजे ४१ हर्ट्झपासून अर्ध्या-अर्ध्या सुराने ११० हर्ट्झच्या एपर्यंत चढत जा. कुठला सूर फुगतो आणि कुठला नाहीसा होतो, हे कागदावर लिहून स्क्रीनखाली चिकटवा. पुढे बासवर ईक्यू लावताना हात जर त्याच सुरावर गेला, तर आधी हेडफोनवर खात्री करा.

नव्या जोडीवरची पहिली मिक्सं कुठल्या दिशेने चुकणार, याचा अंदाज बांधता येतो. बास जास्त खोल जाणारी जोडी घेतली असेल तर मिक्स पातळ निघतं, कारण तुम्ही तो खालचा भाग जास्त समजून कापता. ट्वीटर आधीच्यापेक्षा उजळ असेल तर मिक्स मंद निघतं. आवाज जास्त स्वच्छ असेल तर रिव्हर्ब कमी पडतो, कारण त्याची प्रत्येक शेपटी आता ऐकू येत असते.

आणि जुन्या सवयी शोधायच्या असतील तर तुमची जुनी सेशन उघडा. ऐकण्यासाठी नव्हे, बघण्यासाठी. पाच-सहा मिक्समध्ये मास्टरवर १० किलोहर्ट्झला तोच २ डीबीचा शेल्फ (त्यावरचं सगळं उचलणारा ईक्यू), प्रत्येक गाणाऱ्यावर ३ किलोहर्ट्झला तीच उचल, प्रत्येक किकवर ६० हर्ट्झला तोच बूस्ट. गाणी वेगळी, कलाकार वेगळे, आकडे तेच. ती जुन्या स्पीकरची भरपाई आहे. तेवढे आकडे टिपून घ्या आणि टेम्प्लेटमधून काढून टाका.

जुनी जोडी लगेच विकू नका, दुसरी जोडी म्हणून ठेवा. यामाहाचा एनएस-१० १९७८ मध्ये घरगुती स्पीकर म्हणून आला, बास त्यात फारसा नव्हता, तरी २००१ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत आणि त्यानंतरही तो स्टुडिओतल्या मिक्सिंग कन्सोलवर टिकून राहिला. मिडमधलं बिघडलेलं तो लपवत नसे आणि बंद पेटीमुळे खालचा आवाज रेंगाळत नसे. तुमच्या जुन्या जोडीत हे गुण असतीलच असं नाही, पण ती तुम्हाला पाठ आहे. मिक्स संपत आल्यावर दहा मिनिटं तिच्यावर ऐका.

एखादा अल्बम अर्ध्यावर असेल तर तो जुन्या जोडीवरच पूर्ण करा. पाच गाणी एका जोडीवर आणि पाच दुसरीवर झाली, की बासची पातळी दोन गटांत पडते आणि मास्टरिंगमध्ये ती सांधायला प्रत्येक गाण्यावर वेगळा ईक्यू लावावा लागतो. नवी जोडी पुढच्या कामाला, पहिल्या गाण्यापासून.