तुम्ही विचारलंत म्हणून : भुंग्याचे पाय का भादरले

होय, वरातीसाठी मी फोटो पाठवायचो त्यातला झालरवाला घोडा तो हाच. माझा भुंगाच आहे. घोडा बदललेला नाही, फक्त पायाचे केस काढलेत आणि ते मीच काढलेत, मशीन लावून, चारही पायांचे, गुडघ्यापासून खुरापर्यंत. तारीख ठरवायला येणारे म्हणतात, "मामा, आम्हाला तो झालरवाला पाहिजे होता." गल्लीतली पोरं म्हणतात, "काय ओ मामा, घोड्याची लुंगी काढलाव का?" आणि माझ्याच धंद्यातले काही जण मागे बोलतात की याला सांभाळता आला नाही, म्हणून भादरला. आता सगळ्यांना एकदाच सांगतो, म्हणजे परत परत तेच बोलायला नको.

असले केस आपल्याकडच्या घोड्याला नसतात. इंग्लंडचा शायर, स्कॉटलंडचा क्लाइड्सडेल, हॉलंडचा फ्रिजियन, असल्या गार मुलखातल्या घोड्यांचं ते लेणं. मारवाडी, काठेवाडीचा पाय साफ असतो. भुंगा मी अकलूजच्या बाजारात घेतला. विकणारा म्हणाला फ्रिजियन क्रॉस आहे, कागद त्याच्याकडे नव्हता आणि खरं सांगायचं तर मी मागितलाही नाही. काळाभोर रंग, आणि चालला की चारही पायांवर केस असे उसळायचे की बाजारातली माणसं वळून बघायची. तिथंच मी खुळावलो. सोलापूरचा उन्हाळा 44 पर्यंत जातो आणि मी तिथं केसाळ पायांचा घोडा आणतोय, एवढा साधा विचारही केला नाही. वडील टांगा चालवायचे. ते असते तर म्हणाले असते, घोडा पायावर घेतात बाबा, पायाच्या केसावर नाही.

पण रेट मिळायला लागला ना. चांदणीला, म्हणजे माझ्या जुन्या पांढऱ्या घोडीला, वरातीचे सहा हजार, आणि भुंग्याला अकरा. वर बक्षीस वेगळं. कारण भुंगा नाचायचा. बँड सुरू झाला की मागचा पाय दाणदाण आपटायचा, एका पायानं दुसरा घासायचा, मान वळवून खुराकडं तोंड न्यायचा. लोक ओरडायचे, "घोडा बघ कसा नाचायलाय!" नोटा ओवाळायचे. मी काय केलं, नोटा घेतल्या. त्याला नाचायला कुणी शिकवलंच नव्हतं आणि तबेल्यात रात्री दोन वाजता बँड नसतानाही तो तेच करत होता, हे मला दिसत होतं. दिसत होतं आणि मी मच्छर म्हणत होतो.

जनावरांच्या डॉक्टर मॅडमनी केस बाजूला करून दाखवलं तेव्हा खाली कोंड्याचे थर, खपल्या, मधेच ओलसर चिरा. त्यांनी पातीनं खरवडून काचेवर घेतलं आणि मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. अर्धा मिलिमीटरसुद्धा नसेल एवढा प्राणी, पण पळत होता. कोरिऑप्टिस म्हणे. कातडीत बीळ करणारी खरूज वेगळी, हा वरवरच राहतो, मेलेली कातडी खातो, रक्त पीत नाही. आता तुम्हीच सांगा, मी तोवर जंताची आयव्हरमेक्टिनची पेस्ट तोंडातून दोनदा दिली होती, ती का लागू पडली नाही हे मला तेव्हा कळलं. औषध रक्तात, किडा वरच्या कोंड्यात. केस जितके दाट तितकं त्याला बरं, खाली ऊब आणि ओल दोन्ही. थंडीत वाढतो, उन्हाळ्यात दबतो, म्हणून आपल्याला वाटतं गेला.

मॅडम म्हणाल्या, आधी केस काढा. मी म्हणालो, बघू.

त्या 'बघू'वर माझं स्वतःशी अजून भांडण चालू आहे. संक्रांत झाली की तारखा सुरू होतात, तीन वरातींचा इसार घेतलेला, तिन्ही ठिकाणी फोटो पाठवलेले केसांचे. एकदा काढले की केस परत यायला किती महिने जातात माहितेय का? घरात पोरीची फी, चंदीचा भाव, नालबंदाची उधारी. मी हे बाजू मांडायला सांगतोय असं वाटेल, तर हो, बाजूच मांडतोय. पण त्याच वेळी हेही सांगतो की उधारी नसती तरी मी केस काढले नसते. मला ते केस आवडायचे. माझा मान होता तो.

म्हणून मी केस ठेवून किडा मारायला निघालो. मेव्हण्याच्या गोठ्यात म्हशीच्या गोचिडाचं औषध होतं, अमित्राझ. म्हशीला चालतं, म्हशी ठणठणीत, मग घोड्याला काय होणार? बादलीत कालवलं, जरा जास्तच, कारण केस दाट, आत पोचलं पाहिजे. संध्याकाळी चारही पाय भिजवले, हातानं केसात चोळून चोळून. भुंगा शांत उभा होता. त्याला बरं वाटतंय असं मला वाटलं. बाटलीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मी वाचलं नव्हतं.

दुसरा दिवस म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, 68 लिंगांना निघतात तो. सकाळी मी दर्शनाच्या गडबडीत. पोरगी म्हणाली, बाबा, भुंग्यानं कडबा तसाच ठेवलाय. बघितलं तर मान खाली, खालचा ओठ लोंबतोय, हाक मारली तर कान हलवला आणि परत तसाच. चालवलं तर मागचे पाय दारू प्यायल्यासारखे. मी म्हणालो थंडी लागली, अंगावर चादर टाकली. लीद बघितली नाही. घोडेवाल्याच्या पोरानं सकाळी पहिली लीद बघायची असते, हे मला पाचव्या वर्षी शिकवलेलं. दुपारी चारला बघितलं तर रात्रीपासून लीदच नाही. मग तो पोटाकडं बघायला लागला, खाली बसू बघायचा, उठायचा, घाम.

मॅडमना फोन केला. काय लावलंय विचारलं. मी म्हणालो काही नाही. हे लिहायला सगळ्यात जड जातंय, पण मी म्हणालो काही नाही. मिरवणुकीमुळं रस्ते बंद, त्या बाळीवेशीकडून फिरून फिरून यायला दीड तास लागला आणि त्या दीड तासात मी बायकोलाही सांगितलं नाही. आल्या, कुशीला कान लावला, दोन्ही बाजूंनी, बराच वेळ. म्हणाल्या, पोटात आवाजच नाही, आतडी थांबलीयेत. परत विचारलं. तेव्हा पोरगीच ती बाटली घेऊन आली. मॅडमनी वाचली आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "घोड्याला हे चालत नाही. आतडं झोपतं त्याचं."

आधी पाय साबणानं धुतले, उरलेलं निघावं म्हणून. मग नाकातून नळी, पाणी आणि लिक्विड पॅराफिन, शिरेतून सलाईन, दुखण्याचं इंजेक्शन. रात्रभर मी सलाईनची बाटली धरून. बाहेर लांबून यात्रेतले आवाज येत होते, आणि आत एवढा मोठा जीव, ज्याला मी सहा महिने नाचरा म्हणून विकत होतो, तो भिंतीला टेकून उभा. पाय आपटत नव्हता. आपट बाबा, असं म्हणत होतो मी.

दुसऱ्या दिवशी, यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दुपारी लीद पडली. थोडीशी, कडक, तेलकट. मी हातात उचलली. हसायचं तर हसा.

आठव्या दिवशी केस काढले, मीच. खाली बघितलं तर कातडी हत्तीसारखी, मागच्या पायाला वळ्या पडलेल्या. मॅडम म्हणाल्या, केसाळ जातीच्या घोड्यांत पायाची सूज जुनी झाली की या वळ्या तशाच राहतात, किडा मेला तरी. म्हणजे उशीर झालेला. मग किडा मारायला डोरामेक्टिनचं इंजेक्शन, चौदा दिवसांनी दुसरं. ते लेबलवर गुराढोरांसाठी असतं, घोड्याला मॅडमनी आपल्या जबाबदारीवर दिलं, त्यामुळं मला फोन करून डोस विचारू नका. सांगणार नाही. बाटली बघून औषध घालणाऱ्या माणसाचं काय होतं ते वर लिहिलंय.

चांदणीलाही दिलं. तिला खाज नव्हती, तरी दिलं, कारण हा किडा शेजारच्या जनावरावर काही न दाखवता बसतो. खालचं उसाचं पाचट सगळं काढून जाळलं, खरारे उकळत्या पाण्यात, झूल म्हणून वापरायची ती चादर पण. कोंड्यात तो घोड्याशिवाय दोन महिन्यांवर जगू शकतो, मग नुसता घोडा बरा करून काय उपयोग.

बरा झाला का, हा पुढचा प्रश्न. पहिल्या उन्हाळ्यात वाटलं झाला. मग थंडीत परत आपटायला लागला, परत खरवडलं, परत सापडले. परत मशीन. कापलेल्या केसांचे खुंट टोचतात त्याला, तेव्हाही घासतो, मग मला कळत नाही हा खुंट की किडा. मॅडम म्हणतात हा रोग काबूत ठेवायचा, मुळासकट जाईल असं धरून चालू नका. धंद्यातला एक जण म्हणतो केस तसेच ठेव, रोज धू, पंख्याखाली वाळव, मी ठेवतो की. ठेवत असेल. त्याच्या घोड्याला वळ्या नसतील.

भुंग्याचा रेट आता सात हजार. नाचत नाही. गेल्या महिन्यात एका वरातीत नवऱ्याचा भाऊ म्हणाला, मामा, घोडा हलेना ओ, पैसे कशाचे घेतलाव? मी काही बोललो नाही.

आणि आता केस परत वितभर आलेत. परवा एक पार्टी आली, मार्गशीर्षातली तारीख, म्हणाले तोवर झालर पूर्ण येईल का, अकरा देतो. मशीन चार्जिंगला लावलेलंच होतं कोनाड्यात, त्यांच्या डोक्याच्या वर. इसार घेतला मी.